सव्वा लाखाचं मरण

(बोनकोडे येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)





हस्तिदंताची तस्करी हा विषय बोनकोड्यात कशासाठी, असं आपल्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. आपल्या खाडीत फ्लेमिंगो उतरतात, पलीकडे पारसिकचा डोंगर आहे. इथे हत्ती कुठला? पण याच पाण्यातून दक्षिणेला गेलं की घारापुरी लागते. पोर्तुगीज तिथे उतरले तेव्हा त्यांना किनाऱ्याजवळ दगडात कोरलेला एक प्रचंड हत्ती दिसला, आणि त्यावरून त्यांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८१४ साली त्या हत्तीची मान कोसळली. पुढे इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो फुटला, आणि त्याचे तुकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत आले. तिथे तो पुन्हा जोडला गेला. आजही भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. दगडी हत्तीचं निदान जतन तरी झालं. जिवंत हत्तीच्या वाट्याला याच बंदरातून काय आलं, ते मला आज सांगायचं आहे.

आपल्याकडे म्हण आहे, जिवंत हत्ती लाखाचा, मेला तर सव्वा लाखाचा. मोठा माणूस खचला तरी त्याचं मोल जात नाही, या अर्थानं आपण ती सहज बोलून जातो. पण तिच्यातला हिशेब जरा बघा. मेल्यावर वर चढलेला हा पाव लाख कशाचा? दातांचा. ज्या बाजारात प्राण्याची किंमत तो मेल्यावर वाढते, त्या बाजारात तो प्राणी किती दिवस जगेल?

म्हणून आधी दाताबद्दल बोलू. मग आपल्या किनाऱ्याबद्दल बोलू, कारण तिथे मला जास्त रेंगाळायचं आहे. आणि शेवटी आज काय चाललंय आणि आपण काय करायचं, याबद्दल.

सुळा हा हत्तीचा वरच्या जबड्यातला पटाशीचा दात. तो आयुष्यभर वाढत राहतो. त्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग कवटीच्या आत रुतलेला असतो, आणि त्या भागात जिवंत गर असतो, रक्त असतं, नसा असतात. चितळ-सांबराची शिंगं दरवर्षी गळतात आणि पुन्हा येतात. त्यामुळे हस्तिदंतही असाच जंगलात पडलेला सापडत असेल, अशी पुष्कळांची समजूत आहे, आणि विकणाऱ्यांनी ती मुद्दाम जपलेली आहे. ती खोटी आहे. सुळा गळत नाही. तो मुळापासून हवा तर हत्तीचा चेहरा कुऱ्हाडीनं फोडावा लागतो, आणि त्यासाठी आधी हत्ती पाडावा लागतो. नैसर्गिक मृत्यूनं मेलेल्या हत्तीचे सुळे मिळतात, हे खरं. पण जगाची मागणी तेवढ्यानं कधीच भागली नाही.

हत्तीला हे दात शोभेसाठी मिळालेले नाहीत. तो त्यांनी झाडाची साल सोलतो. कोरड्या नदीपात्रात खणून पाणी काढतो, आणि त्याच खड्ड्यावर नंतर इतर जनावरं तहान भागवतात. आफ्रिकेत नर आणि मादी दोघांनाही सुळे असतात. आपल्याकडे, आशियात, ते फक्त नराला असतात, आणि त्यातही काही नर बिनसुळ्याचे, म्हणजे मखना. हा फरक लक्षात ठेवा. पुढे तो फार महत्त्वाचा ठरणार आहे.

आणि मारतात कसं? बंदुकीनं, हे आपल्याला माहीत आहे. विषानंही मारतात. २०१३ साली झिंबाब्वेच्या ह्वांगे राष्ट्रीय उद्यानात पाणवठ्यांवर सायनाइड टाकून शंभराहून जास्त हत्ती मारले. २०१९ साली बोत्स्वानात शिकाऱ्यांनी मारलेल्या हत्तींच्या मढ्यांत विष भरलेलं होतं, ते मांस खाऊन ५३७ गिधाडं मेली. गिधाडांना विष कशासाठी? आकाशात गिधाडं घिरट्या घालू लागली की वनरक्षकाला कळतं, खाली काहीतरी मेलंय. म्हणून आधी तो पहारेकरीच मारायचा! एका दाताच्या हव्यासात किती जीव जातात, त्याची ही मोजदाद.

आता आपल्या किनाऱ्याकडे येऊ.

इटलीतलं पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. १९३८ साली तिथल्या उत्खननात एक छोटी हस्तिदंती मूर्ती सापडली. वीतभर उंचीची स्त्री, अंगभर दागिने, दोन बाजूंना दोन दासी. पाहताक्षणी कळतं, ही भारतातली. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या जवळची नाती कुठे सापडली? जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला, आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला. तेर म्हणजे जुनं तगर, सातवाहनांच्या काळातली मोठी पेठ. तिथे मिळालेली हस्तिदंती पुतळी गावातल्या संग्रहालयात आहे, जरूर बघून या. तगर आणि पैठणचा माल त्या काळी भडोचपर्यंत जात असे, आणि तिथून रोमला. कल्याण आणि चौल ही आपली बंदरंही त्या काळच्या एका ग्रीक दर्यावर्दी वर्णनात नावानिशी येतात. सांचीच्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर तर कोरून ठेवलं आहे की, हे शिल्पकाम विदिशेच्या दंतकारांनी केलं. दातावर चालणारी छिन्नी त्यांनी दगडावर चालवली.

मी हे सांगतो ते अभिमानानंही सांगतो. त्या कारागिरांचा हात विलक्षण होता. कारागिराबद्दल माझ्या मनात राग नाही, तो पोटासाठी कोरत होता आणि फार सुंदर कोरत होता. पण अभिमान सांगताना पुढचंही सांगितलं पाहिजे. आपण दोन हजार वर्षं या व्यापारात आहोत. हा आफ्रिकेतल्या कुणा परक्याचा धंदा, असं म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत.

एकोणिसाव्या शतकात तर मुंबई ही हस्तिदंताची जगातली एक प्रमुख पेठ झाली. माल येई झांजिबारहून. ईशान्येच्या वाऱ्यावर गलबतं आफ्रिकेकडे जात, नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर परतत. समुद्राचं हे गणित इथल्या कोळी बांधवांना मी काय सांगणार! जाताना कापड, मणी, पितळेची तार, आणि येताना सुळे. झांजिबारच्या जकातीचा मक्ता कित्येक वर्षं कच्छी भाटियांच्या जयराम शिवजी पेढीकडे होता, म्हणजे त्या बेटावरून निघणाऱ्या प्रत्येक सुळ्याची नोंद आपल्याच माणसांच्या वहीत होई. मुंबईत उतरलेला काही माल पुढे लंडनला जाई, पण पुष्कळसा इथेच राही. कशासाठी? बांगड्यांसाठी.

गुजरात, कच्छ, राजस्थान, पंजाब इथे नवरीच्या हातात हस्तिदंती चुडा भरायची रीत होती. महाराष्ट्रात आपण हिरव्या काचेचा चुडा भरतो, त्यामुळे ही मागणी आपल्या घरात फारशी नव्हती. पण माल आपल्या बंदरात उतरत होता, आपल्या शहरात चिरला जात होता. आफ्रिकेतला सुळा जाड आणि मऊ, बांगडीला उत्तम. आपल्या हत्तीचा त्यामानानं बारीक. म्हणून भारतातल्या लग्नासाठी आफ्रिकेतला हत्ती मरत असे. आणि चुडा पिढ्यान्‌पिढ्या टिकणारी वस्तू नव्हती. तो बाईबरोबर जाई, किंवा वैधव्य आलं की फोडला जाई. प्रत्येक नव्या नवरीला नवा चुडा, म्हणजे प्रत्येक लग्नसराईला नवे हत्ती. या मागणीला तळ नव्हता.

मुंबईत हस्तिदंताच्या बारीक पट्ट्या जडवून चंदनी पेट्या बनत. सुरतेहून आलेल्या कारागिरांची ही सादेली कला. युरोपात त्या पेट्यांना मुंबईच्याच नावानं ओळखत. जुन्या वाड्यांमधून सारीपाटाच्या सोंगट्या, फासे, फण्या, सुरीच्या मुठी आजही निघतात. त्या हातात घेतल्या की गार, गुळगुळीत, सुंदर लागतात. मी ते सौंदर्य नाकारत नाही. पण तो दात झांजिबारच्या धक्क्यावर कसा पोचत असे, ते ऐका.

आफ्रिकेच्या पोटातून, शेकडो कोसांवरून, सुळे माणसांच्या खांद्यावर येत. त्या वाटांवर घोडा-बैल टिकत नसे, कारण त्सेत्से माशीच्या चाव्यानं जनावरं मरत. मग हमाल लागत. काही मजुरीवरचे, आणि काही पकडून आणलेले गुलाम. हस्तिदंताचा व्यापार आणि माणसांचा व्यापार एकाच वाटेनं चालत होता. १८७३ साली झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद करण्याचा करार झाला. त्यासाठी सुलतानाकडे इंग्रज सरकारनं कुणाला पाठवलं? सर बार्टल फ्रिअर यांना, जे त्याआधी काही वर्षं आपल्या मुंबईचे गव्हर्नर होते. गुलामांचा बाजार बंद झाला. हस्तिदंताचा चालूच राहिला, उलट वाढला.

कारण तोवर पश्चिमेला पियानो आणि बिलियर्ड घराघरांत, क्लबांत पोचले होते. अमेरिकेतल्या कनेटिकटमध्ये पियानोच्या पट्ट्या कापण्याचे कारखाने निघाले. तिथल्या एका गावाचं नावच आयव्हरीटन, म्हणजे हस्तिदंतपूर. बिलियर्डच्या चेंडूला सुळ्याचा नेमका मधला भाग लागे, त्यामुळे एका सुळ्यातून चार-पाचच चेंडू निघत. पुढे सेल्युलॉइड आलं, प्लास्टिक आलं. म्हणजे हस्तिदंत ही माणसाची गरज कधीच नव्हती. त्याच्या प्रत्येक वस्तूला पर्याय होता, आणि त्यातले बरेचसे पर्याय शंभर वर्षांपूर्वीच हाताशी आले होते. तरी हत्ती मरतच राहिले.

१९७९ साली आफ्रिकेत अंदाजे १३ लाख हत्ती होते. १९८९ साली सहा लाखांच्या आसपास उरले. दहा वर्षांत निम्म्याहून अधिक गेले. मित्रहो, ही दहा वर्षं आपल्यातल्या पुष्कळांच्या आठवणीतली आहेत. तेव्हा इथे नवी मुंबई उभी राहत होती.

१९८९ च्या जुलैमध्ये केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी, डॅनियल अराप मोई यांनी, १२ टन हस्तिदंत उघड्यावर जाळला. तिथल्या वन्यजीव खात्याची सूत्रं तेव्हा रिचर्ड लीकी यांच्याकडे होती. लाखो डॉलरचा माल एका गरीब देशानं जाळला, लोक थक्क झाले. पण त्यातला विचार सरळ होता. विकलेला प्रत्येक दात नवीन गिऱ्हाईक तयार करतो. त्याच वर्षी साईट्स या आंतरराष्ट्रीय करारानं आफ्रिकी हस्तिदंताचा देशोदेशींचा व्यापार बंद केला.

भारतानं काय केलं? इथे मला माझ्या देशाचा अभिमान वाटतो आणि तो मी मोकळेपणानं सांगतो. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७७ साली हत्ती पहिल्या अनुसूचीत, १९८६ साली भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद, आणि १९९१ साली आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही. व्यापारी कोर्टात गेले. आमचा माल जुना आहे, कायदेशीरपणे आणलेला आहे, आमच्या पोटावर पाय येतो, असा त्यांचा दावा. २००३ साली सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. आणखी एक युक्तिवाद झाला, तोही ऐका. सैबेरियाच्या बर्फात हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या मॅमथ हत्तींचे सुळे सापडतात. ते विकू द्या, मॅमथ तर केव्हाच नामशेष झाला, त्यात कुणाचं काय जातं? न्यायालयानं तेही नाकारलं. मॅमथचा दात आणि हत्तीचा दात कोरून पुढ्यात ठेवले तर सामान्य गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. एकाच्या आडून दुसरा विकला जाणार, हे न्यायालयानं ओळखलं. फार शहाणा निर्णय होता तो.

कारण जगानं जिथे फट ठेवली, तिथे काय झालं ते आपण पाहिलं. आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातल्या काही देशांचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते तुच्छतेनं उडवून लावण्यासारखं नाही. एकट्या बोत्स्वानात सव्वा लाखाच्या वर हत्ती आहेत. ते शेतात शिरतात, माणसं मारतात. हे देश म्हणतात, आम्ही हत्ती सांभाळले, आता नैसर्गिक मृत्यूनं मेलेल्यांचे साठवलेले सुळे विकून चार पैसे गावांना मिळू देत. हे ऐकून साईट्सनं दोनदा परवानगी दिली. १९९९ साली जपानला, आणि २००८ साली चीन व जपानला. दुसऱ्या वेळी शंभराहून अधिक टन. हेतू वाईट नव्हता. पण चीनमध्ये परवानाधारक दुकानं उघडली, पांढरा माल समोर आणि काळा माल मागे, आणि दोन्ही दिसायला सारखे. त्यानंतरच्या वर्षांत आफ्रिकेत शिकार भडकली. २०११ च्या सुमारास ती शिगेला पोचली. विमानातून १८ देशांत केलेल्या मोठ्या गणनेचा निकाल २०१६ साली आला. गवताळ प्रदेशातले साडेतीन लाखांच्या आसपास हत्ती शिल्लक, आणि सात वर्षांत त्यांची संख्या सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली. मध्य आफ्रिकेच्या जंगलात तर त्याहून वाईट स्थिती होती. २००२ ते २०११ या काळात तिथले ६० टक्क्यांहून अधिक हत्ती संपले.

मग चीननं दार लावलं. २०१७ अखेर तिथला देशांतर्गत व्यापार बंद झाला. आणि बंदी येणार म्हटल्याबरोबर भाव कोसळले. २०१४ साली कच्च्या हस्तिदंताला तिथे किलोला सुमारे २१०० डॉलर मिळत, २०१७ च्या सुरुवातीला सातशेच्या घरात आले. यातून काय दिसतं? हत्तीला मारणारी गोळी आफ्रिकेत सुटते, पण तिचा चाप दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाच्या बोटाखाली असतो. त्यानं बोट काढलं की गोळी थांबते. आजच्या माझ्या सगळ्या बोलण्याचं सार एवढंच आहे.

संख्या घटते, हे दुःख मोजता येतं. पण काही नुकसान मोजदादीत दिसत नाही.

केरळचं पेरियार घ्या. १९७० आणि ८० च्या दशकांत तिथे सुळेवाल्या नरांची इतकी शिकार झाली की एका प्रौढ नरामागे शंभराच्या आसपास माद्या, अशी अवस्था आली. मघाशी म्हटलं ना, आपल्याकडे सुळे फक्त नराला? त्याचा हा परिणाम. दुरून बघणाऱ्याला जंगलात कळप दिसतात, हत्ती भरपूर आहेत असं वाटतं. पण कळपात पिल्लं दिसत नाहीत. प्राध्यापक रामन सुकुमार यांच्यासारख्या अभ्यासकांनी हे प्रमाण मांडलं नसतं, तर ते कुणाच्या ध्यानातही आलं नसतं.

मोझांबिकमध्ये १९७७ ते १९९२ यादवी युद्ध चाललं. दोन्ही बाजूंनी हस्तिदंत विकून शस्त्रं घेतली. गोरोंगोसा उद्यानातले दहातले नऊ हत्ती मारले गेले. वाचल्या त्यात जन्मतः बिनसुळ्याच्या माद्या जास्त होत्या, कारण त्यांना मारून कुणाला काही मिळणार नव्हतं. युद्धाआधी बिनसुळ्याच्या माद्या पाचांत एकही नव्हत्या, युद्धानंतर निम्म्या झाल्या. २०२१ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की हा गुण आईकडून येतो आणि नर गर्भाला तो घातक ठरतो. माणसाच्या हव्यासानं पंधरा वर्षांत एका प्राण्याचं शरीर बदललं. लाखो वर्षांत घडलेला दात बंदुकीनं पुसायला घेतला.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. हत्तीचा कळप आजीच्या मागे चालतो. पाणी कुठे, वाट कुठली, धोका कशात, हे तिच्या डोक्यात असतं. टांझानियात तरांगिरे उद्यानात १९९३ साली मोठा दुष्काळ पडला. काही कळप उद्यान सोडून पाण्याच्या शोधात निघून गेले, त्यांची पिल्लं बरीच वाचली. एक कळप तिथेच थांबला, आणि त्या वर्षी मेलेल्या पिल्लांपैकी निम्म्याहून जास्त पिल्लं त्या गटातली निघाली. निघून गेलेल्या कळपांत वयस्क माद्या होत्या, १९५८ च्या मोठ्या दुष्काळाच्या वेळी हयात असलेल्या. थांबलेल्या गटात तशा म्हाताऱ्या उरल्याच नव्हत्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या शिकारीत त्या गेल्या होत्या, कारण मोठे सुळे म्हाताऱ्यांनाच असतात. शिकाऱ्यानं एक हत्तीण मारली, आणि वीस वर्षांनी तिची, तेव्हा जन्मलेलीही नसलेली नातवंडं तहानेनं मेली. ही हत्या कुठल्या पंचनाम्यात लिहायची?

बंधूभगिनींनो, हे सगळं दूरचं वाटत असेल तर थोडं जवळ येऊ. आपल्या पलीकडचं न्हावा-शेवा बंदर सुरू झालं १९८९ साली, जगानं हस्तिदंताचा व्यापार बंद केला त्याच वर्षी. त्यानंतर तस्करी गलबतातून कंटेनरमध्ये गेली. २०१९ च्या जुलैत सिंगापूरला एका खेपेत ८.८ टन हस्तिदंत पकडला गेला. कागदावर लिहिलं होतं लाकूड. काँगोतून निघालेला माल व्हिएतनामला चालला होता. जगभर रोज लाखो कंटेनर हलतात, त्यातले मोजकेच उघडून बघता येतात. तस्कर याच गर्दीत लपतो. न्हावा-शेव्याला, कळंबोलीला, गोदामांत, वाहतुकीच्या धंद्यात आपल्या घरातली मुलं काम करतात. कागदावरचं वजन आणि पेटीतला माल जुळत नाही हे आधी कुणाला कळतं? साहेबाला नाही, तिथे राबणाऱ्या या मुलांनाच कळतं.

पकडलेला दात आता बोलू लागला आहे, ही मात्र चांगली बातमी. वॉशिंग्टन विद्यापीठाचे सॅम्युएल वॉसर यांनी हत्तींच्या विष्ठेतून आफ्रिकेचा डीएनए नकाशा तयार केला. सुळा कुठल्या जंगलातला, ते आता सांगता येतं. एकाच हत्तीचे दोन सुळे दोन वेगळ्या खेपांत सापडले, आणि त्यावरून दोन्ही खेपांमागची टोळी एकच, हे कळलं.

आपला देशही यातून सुटलेला नाही. २०१५ साली केरळमधल्या मलयाट्टूरच्या जंगलातली शिकार उघडकीला आली, आणि तिचा माग काढत तपास थेट दिल्लीला पोचला. तिथे चारशे किलोहून अधिक हस्तिदंत हाती लागला. कायदा आहे, तरी गिऱ्हाईक आहे. सुळ्यांचा सौदा करायला आलेल्यांना पकडल्याच्या बातम्या अधूनमधून आपल्या राज्यातही येतात. कुणीतरी घेणार म्हणूनच ना कुणीतरी विकायला येतो?

आता तर महाराष्ट्रात थेट हत्तीच आलेले आहेत. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून ते दोडामार्गात, तिलारीच्या खोऱ्यात उतरले. चंदगड, आजरा भागातही वावरतात. २०२१ साली छत्तीसगडमधून वीसेक हत्तींचा कळप गडचिरोलीत आला. नांदणीच्या मठातल्या माधुरी हत्तिणीला २०२५ साली गुजरातेत नेलं तेव्हा कोल्हापूर जिल्हा रस्त्यावर उतरला, लोक ढसाढसा रडले. हत्तीबद्दल या राज्याच्या मनात माया आहे, यात शंका नाही. पण तिलारीच्या शेतकऱ्याची केळी, माड, भात रात्रीत आडवं होतं, तेव्हा त्याच्याकडून नुसती माया मागून भागेल का? शहरासाठी जमीन गेली म्हणजे काय होतं, हे बोनकोड्याला वेगळं सांगायला नको. मोठ्या कामाचा भार काही ठरावीक गावांनीच सोसायचा आणि मोबदल्यासाठी वर्षानुवर्षं हेलपाटे घालायचे, हा अन्याय तुम्ही भोगलेला आहे. तोच अन्याय दोडामार्गच्या आणि गडचिरोलीच्या माणसावर होता कामा नये. त्याची भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली पाहिजे. ज्या गावाचा हत्तीवर राग आहे, त्या गावात शिकाऱ्याला वाट दाखवणारा माणूस लवकर मिळतो. कुंपणात सोडलेल्या विजेच्या धक्क्यानं हत्ती मरतात, आणि मेलेल्या नराच्या सुळ्यांवर कुणाचा ना कुणाचा डोळा असतोच. कायद्यानं ते सुळे सरकारची मालमत्ता आहेत. पण खरा राखणदार गावच असतो.

आता शेवटचं, आणि हे काम आपल्यातल्या प्रत्येकाला करता येण्यासारखं आहे.

आपण गणपती पूजणारी माणसं. ज्याचं मस्तक हत्तीचं, त्याची मूर्ती हत्तीला मारून काढलेल्या दातात कोरायची आणि देव्हाऱ्यात ठेवायची, हे मला कोणत्याही श्रद्धेत बसवता येत नाही. अशी मूर्ती, बांगडी, पेटी, फणी कुणी आपल्याला जुनी म्हणून, वारशाची म्हणून, परवान्याची म्हणून दाखवली, तर ती घेऊ नका. भारतात हस्तिदंताची खरेदी-विक्री कुठल्याही स्वरूपात कायदेशीर नाही. पकडलं गेल्यास तीन ते सात वर्षांचा तुरुंगवास आहे. परदेशातून येतानाही असली भेट आणू नका. लग्नात चुडा हवा असेल तर आपला काचेचा हिरवा चुडा आहे, त्याहून सुंदर काय?

आणि कुणाच्या घरात आजी-पणजीच्या काळातली हस्तिदंती वस्तू असेल, तर ती विकू नका, कुणाला भेट देऊ नका, लपवूही नका. तिची मालकी कायद्यानुसार नोंदलेली आहे का, ते बघा. नसेल तर ठाण्याच्या वनविभागाच्या कार्यालयात जाऊन रीतसर विचारा. कुणी विकायला आणली असेल, किंवा आपल्या कामाच्या ठिकाणी संशय घेण्याजोगं काही दिसलं, तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. आज घरी गेल्यावर तो मोबाइलमध्ये नोंदवून ठेवा, आणि वेळ आली तर फोन करायला कचरू नका.